स्वच्छंदतावादी पाश्चात्त्य संगीत, मुंबईतील

एकोणिसाव्या शतकातील यूरोपीय अभिजात संगीताचे मुंबईत रुजलेले वादन आणि श्रवण. शूबर्ट, शोपँ, ब्राम्स, चायकोव्हस्की, द्वोर्झाक हे या काळातले मातब्बर रचनाकार. मोत्झार्टच्या काळातला आटोपशीर घाट त्यांनी सैल केला, वाद्यवृंद वाढवला आणि व्यक्तिगत भावनेला मोकळे रान दिले.

मुंबईत या संगीताचे घराणेच म्हणावे ते मेहतांचे. व्हायोलिनवादक मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात हौशी पारशी होते, पोटासाठी वाजवणारे गोवेकर होते, नौदलाच्या बँडमधलेही होते. मुलगा झुबिन (जन्म १९३६) याचा कान घरातल्या तालमींवर आणि तबकड्यांवर तयार झाला. १९५४ मध्ये तो शिकायला व्हिएन्नाला गेला. तेथे कार्ल ब्योम यांच्या संचालनाखाली ब्राम्सची पहिली सिम्फनी प्रत्यक्ष ऐकल्यावर वाद्यवृंदाच्या नादाची त्याची कल्पनाच बदलली. पुढे ब्रुकनर, मालेर आणि रिचर्ड श्ट्राउस यांच्या रचनांचा संचालक म्हणून त्याने जगभर नाव कमावले.

मेहतांचे नाव झाले, गोवेकरांचे मात्र व्हायला हवे तेवढे झाले नाही. यांतले अनेकजण दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला बसत. संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू अँथनी गोन्साल्विस आणि संगीतकार शंकर-जयकिशन यांचे वाद्यवृंद-संयोजक सबॅस्टियन डिसूझा हे याच परंपरेतले. व्हायोलिनांचे ताफे आणि गाण्यामागून चालणारी दुसरी सुरावट त्यांच्यामुळे हिंदी गाण्यात आली. ब्राम्सचे नावही न ऐकलेल्या, सिन्नरसारख्या लहान गावातल्या श्रोत्याच्या कानांवर हे संस्कार रेडिओने केव्हाच केले आहेत.

मूळ रचना ऐकताना रागसंगीतावर वाढलेल्या माणसाला खरी अडचण येते ती स्वरसंवादाची. एकाच वेळी अनेक सुरावटी चालू असताना लक्ष कशाकडे द्यायचे, हेच कळत नाही. त्यासाठी द्वोर्झाकची नववी सिम्फनी (१८९३) सोयीची. तिच्या संथ दुसऱ्या भागात इंग्लिश हॉर्न या सनईसारख्याच दुहेरी पत्तीच्या वाद्यावर जी धून येते, तिची सुरुवात सा, रे, ग, प एवढ्याच स्वरांत फिरते. भूप राग ऐकलेल्याला ती परकी वाटणार नाही. चायकोव्हस्कीचा व्हायोलिन कंचेर्टो त्यानंतर ऐकावा. मालेरची घाई करू नये.

प्रत्यक्ष वाद्यवृंद ऐकायचा तर अशा श्रोत्याने मुंबई गाठावी. नरिमन पॉइंटच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये (एनसीपीए) २००६ साली स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे हंगाम होतात.