पाटी बदलते, पत्ता राहतो

१७०३मध्ये पुण्यात तळ पडला असताना औरंगजेबाने इथे मुहियाबाद नावाची पेठ वसवली. पुढे तिची बुधवार पेठ झाली. जुने कागद वाचणाऱ्याला त्यामुळे मनात एक तक्ता ठेवावा लागतो : मुहियाबाद म्हणजे बुधवार, मुर्तझाबाद म्हणजे शनिवार. मी पुण्यात डेटाबेस सांभाळण्याची नोकरी करतो. असे तक्ते लिहिणं हे माझं नेहमीचं काम.

संगणकांच्या जाळ्याला ही गरज लवकर भासली. अर्पानेटवरच्या यंत्रांची नावं 'होस्ट्स डॉट टीएक्सटी' या एकाच फाइलीत असत. ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये राखली जाई. बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. अधिकृत नावापुढे स्वल्पविराम देऊन टोपणनावं लिहायची सोय तिच्यातही होती. यंत्रं वाढली तशा नकला शिळ्या पडू लागल्या. १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिसने डीएनएसचा आराखडा मांडला. त्यात टोपणनावासाठी 'सीनेम' ही वेगळी नोंद आली. ती यंत्राचा पत्ता सांगत नाही. 'खरं नाव अमुक, त्या नावाने विचारा' एवढंच सांगते.

ओरॅकलच्या 'टीएनएसनेम्स' फाइलीत डावीकडे आपण ठेवलेलं नाव असतं आणि उजवीकडे यंत्र, पोर्ट (बहुधा १५२१) व सेवेचं नाव. डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर हलवला की फक्त उजवी बाजू बदलायची, प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. पण ही फाइल ज्याच्या त्याच्या यंत्रावर, म्हणजे शिळ्या नकलांचं दुखणं पुन्हा तेच! '८आय' आवृत्तीपासून एकाच डेटाबेसला अनेक सेवा-नावं देता येऊ लागली. नवं नाव द्या, जुनंही चालू ठेवा.

२०१४मध्ये पुणे विद्यापीठाचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. संकेतस्थळाचा 'युनिपुणे' हा पत्ता मात्र त्यानंतरही चालू राहिला. ते योग्यच झालं. तो पत्ता किती कागदांवर छापला गेला असेल आणि ते कागद कोणाच्या कपाटात असतील, याची यादी कोणाकडेच नसते.

जुनं नाव कधी काढायचं, यावर आमच्या धंद्यात नेहमी वाद होतो. 'महिनाभर ठेवा, मग उडवा' म्हणणारे पुष्कळ. मी आधी लिसनरचा लॉग उघडतो. कुठल्या यंत्रावरून कुठलं सेवा-नाव मागितलं गेलं, हे त्यात दिसतं. आणि महिनाभराचा नाही, वर्षाचा लॉग बघतो. कारण अकरा महिने शांतता असते आणि मार्चअखेरीस एका रात्री जुन्या नावाने हाक येते : वर्षाचा हिशेब काढणारा, सगळे विसरून गेलेले असा एखादा प्रोग्रॅम.