५६९ ओळी आणि एक बारीक सुई

मशीन लर्निंग शिकताना एक डेटासेट हमखास भेटतो: विस्कॉन्सिन ब्रेस्ट कॅन्सर. ५६९ ओळी, प्रत्येकीत ३० आकडे. मीही बीटेकला असताना तो वापरलाय. पण हे आकडे मोजले कुणी आणि कशाचे? आज तीच गोष्ट.

पेशीच्या आत असतं केंद्रक. कॅन्सरच्या पेशीत ते बऱ्याचदा मोठं आणि वेडंवाकडं होतं. १९५७ साली इंग्लंडमध्ये ब्लूम आणि रिचर्डसन यांनी स्तनाच्या कॅन्सरची प्रतवारी करताना केंद्रकांच्या या बेढबपणालाही १ ते ३ गुण ठेवले. अडचण एकच: गुण डोळ्यांनी द्यायचे. एकाला २ वाटले, तिथे दुसऱ्याला ३ वाटू शकतात.

अमेरिकेत मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात सर्जन विल्यम वोलबर्गसुद्धा आधी डोळ्यांनीच गुण द्यायचे. मग १९९०च्या सुमारास गणिती ओल्वी मँगासेरियन आणि संशोधक निक स्ट्रीट यांच्यासोबत त्यांनी मोजणी कॉम्प्युटरवर आणली. गाठीत बारीक सुई घालून पेशी काढायच्या, काचेवर पसरून रंगवायच्या, मायक्रोस्कोपखालचं चित्र स्क्रीनवर घ्यायचं. माउसने केंद्रकाभोवती ढोबळ रेघ मारायची. पुढे 'स्नेक' नावाचा अल्गोरिदम ती रेघ सरकवत नेमक्या कडेला नेऊन चिकटवायचा.

त्यावरून त्रिज्या, क्षेत्रफळ, कडेवरच्या खाचा असे १० गुणधर्म मोजले. प्रत्येकाची सरासरी, स्टँडर्ड एरर आणि 'वर्स्ट', म्हणजे सगळ्यात मोठ्या तीन मापांची सरासरी. हे 'वर्स्ट' कशाला? नमुन्यात बिघडलेल्या पेशी मोजक्याच असतील, तर साध्या सरासरीत त्या दडून जातात. शेवटी तीनच गुणधर्मांवर अंदाजे ९७.५ टक्के अचूकता मिळाली, आणि त्यातले दोन 'वर्स्ट'वालेच होते!

आता आपल्या कामाचं. यातल्या २१२ गाठी कॅन्सरच्या, ३५७ साध्या. पण सायकिट-लर्नमध्ये कॅन्सरला लेबल आहे ०, साध्या गाठीला १. नुसतं रिकॉल काढलंत, तर ते साध्या गाठींचं येतं. कॅन्सरच्या किती गाठी सुटल्या, हे त्यात दिसतच नाही. साध्या गाठीला कॅन्सर म्हटलं तर आणखी तपासण्या आणि जिवाला घोर. कॅन्सरला साधी म्हटलं तर उपचारच लांबतात. दोन्ही चुका एका मापाच्या नाहीत.

त्यामुळे पुढच्या वेळी हा डेटासेट लोड केलात, की अ‍ॅक्युरसीच्या आधी कन्फ्युजन मॅट्रिक्स उघडा. सुटलेल्या गाठींचा चौकोन बघा. तिथला प्रत्येक आकडा म्हणजे एक बाई, जिला आपण "काही नाही, घरी जा" म्हणालो असतो.

भेटू पुढच्या भागात!