पालकांकडून वाहनचालन प्रशिक्षण (भारत)

पालकांकडून वाहनचालन प्रशिक्षण म्हणजे आई, वडील किंवा अन्य पालकाने आपल्या पाल्यास मोटार प्रशिक्षण शाळेत न पाठवता स्वतः वाहन चालवण्यास शिकवणे. भारतात अशा पालकांसाठी स्वतंत्र पात्रता परीक्षा किंवा नोंदणी नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांमध्ये शिकाऊ चालकासोबत बसणाऱ्या कोणत्याही शिक्षकासाठी ज्या अटी आहेत, त्याच पालकासही लागू होतात. पाल्याचे वय आणि त्याच्याकडे असलेली शिकाऊ अनुज्ञप्ती (लर्निंग लायसन्स) यांवर या प्रशिक्षणाची वैधता अवलंबून असते.

पाल्याची पात्रता

अधिनियमाच्या कलम ४ नुसार सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवण्याचे किमान वय १८ वर्षे आहे. ५० घन सेंटिमीटरपर्यंत इंजिन क्षमता असलेली मोटारसायकल वयाच्या १६ व्या वर्षापासून चालवता येते. १८ वर्षांखालील व्यक्तीस बिनगिअरच्या मोटारसायकलची शिकाऊ अनुज्ञप्ती देण्यासाठी कलम ७ नुसार पालकाची लेखी संमती आवश्यक असते. बाजारातील सर्वसाधारण पेट्रोल स्कूटरची इंजिन क्षमता १०० घन सेंटिमीटरहून अधिक असल्याने ही सवलत तिला लागू होत नाही. मोटारगाडी आणि ट्रॅक्टर यांसाठी १६ वर्षांची सवलत नाही. त्यामुळे १६ किंवा १७ वर्षांच्या मुलास मोटारगाडी शिकवणारा पालक स्वतः अनुज्ञप्तीधारक असला, तरी ते प्रशिक्षण कायदेशीर ठरत नाही.

०.२५ किलोवॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी कमाल वेगाची विजेवर चालणारी दुचाकी विहित अटी पूर्ण करत असल्यास मोटार वाहन मानली जात नाही. तिला चालन अनुज्ञप्ती लागत नाही.

शिकवणाऱ्याची पात्रता व अटी

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ३ नुसार पुढील तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात:

१. शिकणाऱ्याकडे त्या वाहनप्रकाराची वैध शिकाऊ अनुज्ञप्ती असावी.
२. सोबतच्या शिक्षकाकडे ते वाहन चालवण्याची वैध अनुज्ञप्ती असावी आणि वाहन नियंत्रित करता किंवा थांबवता येईल अशा जागी तो बसलेला असावा.
३. वाहनाच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात रोमन लिपीतील ‘एल’ हे अक्षर असावे. अक्षराची उंची किमान १० सेंटिमीटर असावी.

मोटारसायकल शिकताना शिक्षकाखेरीज अन्य कोणासही मागे बसवता येत नाही. शिक्षकाचे किमान वय किंवा अनुभवाची वर्षे यांचा या नियमात उल्लेख नाही. मोबदला घेऊन शिकवण्यासाठी मात्र कलम १२ व नियम २४ नुसार प्रशिक्षण शाळेचा परवाना लागतो.

सार्वजनिक ठिकाणाची व्याप्ती

अनुज्ञप्तीची सक्ती ‘सार्वजनिक ठिकाणी’ लागू होते. अधिनियमातील व्याख्येनुसार जनतेस जाण्या-येण्याचा हक्क असलेला कोणताही रस्ता, वाट किंवा जागा सार्वजनिक ठिकाण ठरते. तेथून वाहतुकीचा मार्ग जात असो वा नसो. त्यामुळे शेताकडे जाणारा सार्वजनिक पांदण रस्ता केवळ निर्मनुष्य असल्याने या नियमांतून सुटत नाही.

वर्धा जिल्ह्यातील प्रक्रिया

वर्धा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) हे आठ तालुके असलेल्या वर्धा जिल्ह्यासाठी उपप्रादेशिक परिवहन कार्यालय वर्धा शहरात आहे. जिल्ह्याचा वाहन नोंदणी संकेतांक ‘एमएच ३२’ आहे. शिकाऊ अनुज्ञप्तीसाठी केंद्र शासनाच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर अर्ज करता येतो. महाराष्ट्रात २०२१ पासून आधार पडताळणीद्वारे घरबसल्या प्राथमिक चाचणी देण्याची सोय आहे. शिकाऊ अनुज्ञप्ती सहा महिने वैध असते. ती मिळाल्यापासून किमान ३० दिवसांनी पक्क्या अनुज्ञप्तीची चाचणी देता येते. चाचणी उत्तीर्ण होईपर्यंत पाल्यास एकट्याने वाहन चालवता येत नाही.

पालकांची कायदेशीर जबाबदारी

अनुज्ञप्ती नसलेल्या किंवा वयाने अपात्र व्यक्तीस वाहन चालवू देणाऱ्या मालकास कलम १८० नुसार तीन महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २०१९ च्या सुधारणेने समाविष्ट झालेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन व्यक्तीने या अधिनियमाखालील गुन्हा केल्यास तिचा पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होणे आणि संबंधित अल्पवयीनास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत अनुज्ञप्ती न मिळणे, अशी तरतूद आहे. गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो रोखण्यासाठी योग्य ती दक्षता घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर असते. अल्पवयीनाकडे त्या वाहनाची शिकाऊ किंवा पक्की अनुज्ञप्ती असल्यास पालक व मालकाविषयीची ही तरतूद लागू होत नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगर येथे अल्पवयीन चालकाच्या मोटारीने दोघांचा मृत्यू झाल्यानंतर पालकांच्या जबाबदारीची राज्यभर चर्चा झाली.

विमा

प्रचलित मोटार विमा पॉलिसीतील चालकविषयक कलमानुसार शिकाऊ अनुज्ञप्तीधारक नियम ३ चे पालन करत असल्यास विमा संरक्षण कायम राहते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ‘नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वर्ण सिंग’ या खटल्यात शिकाऊ अनुज्ञप्तीधारक हाही रीतसर अनुज्ञप्तीधारक असल्याचे मान्य केले. तथापि सोबत शिक्षक नसणे यांसारख्या नियमभंगामुळे वाहनमालकाच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा अडचणीत येऊ शकतो.

अन्य देशांशी तुलना

ब्रिटनमध्ये शिकाऊ चालकासोबत बसणाऱ्या व्यक्तीचे वय किमान २१ वर्षे असावे आणि तिच्याकडे किमान तीन वर्षांपासून अनुज्ञप्ती असावी, अशी अट आहे. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात पालकांनी शिकवण्यासाठी शासनमान्य अभ्यासक्रम आहे. भारतात शिकवणाऱ्याच्या अनुभवावर अशी अट नसली, तरी अल्पवयीनाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकावर थेट फौजदारी जबाबदारी टाकलेली आहे.