प्लेगनंतरचा सहवास : मुंबई-पुण्यातील दैनंदिन सामाजिक संपर्काचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

साथीच्या रोगांचा इतिहास बहुधा मृतांच्या संख्येने लिहिला जातो. साथ ओसरल्यानंतर जिवंत राहिलेली माणसे एकमेकांकडे कशी जाऊ-येऊ लागली, कोणाच्या शेजारी राहू लागली, कोणाला उंबऱ्याच्या आत घेऊ लागली, याची नोंद सरकारी अहवालांत क्वचितच सापडते. कोविडच्या साथीमुळे हा प्रश्न आपल्या पिढीसमोर नव्याने आला. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी आषाढीला संतांच्या पादुका एस. टी. बसने पंढरपुरास न्याव्या लागल्या. २०२२ मध्ये पायी वारी पुन्हा निघाली तेव्हा लाखोंच्या त्या दाटीत दोन वर्षांपूर्वीच्या 'सुरक्षित अंतरा'ची खूणही उरली नव्हती. मग साथ माणसांच्या संपर्कात काहीच बदल करीत नाही असे समजावे काय? प्रस्तुत लेखात १८९६ साली मुंबईत अवतरलेल्या प्लेगच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. साथीच्या काळात शरीरावर लादलेली बंधने लवकर गळून पडतात. परंतु घरे, वस्त्या आणि संस्था यांच्या रचनेत उतरलेली अंतरे कित्येक पिढ्या टिकतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

स्पर्शाचे भय आणि उंदराची खूण

१८९४ मध्ये हाँगकाँग येथे थैमान घालणारा प्लेग सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखला. पुढील काही महिन्यांत सुमारे साडेआठ लाख वस्तीच्या या शहरातून जवळजवळ निम्मे लोक बाहेर पडले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. घरझडत्या, रेल्वे स्थानकांवरील तपासणी, रुग्णांना सक्तीने रुग्णालयात व त्यांच्या सहवासातील व्यक्तींना छावणीत हलविणे, जत्रा-यात्रांवर बंधने घालणे, हे सर्व अधिकार त्यामुळे सरकारला मिळाले.

या सर्व उपायांमागे एक गृहीत होते : रोग घाणीतून उपजतो आणि माणसाकडून माणसाकडे जातो. वस्तुतः गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरावरील पिसवांमार्फत पसरतो. पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराची येथे हे प्रयोगाने दाखविले. तथापि त्यास मान्यता मिळण्यास १९०५ नंतरच्या प्लेग संशोधन आयोगाच्या कामाची वाट पाहावी लागली. फुफ्फुसाच्या प्लेगचा अपवाद सोडला, तर ज्या मानवी संपर्कावर एवढी सक्ती झाली, तो संपर्क या रोगाच्या प्रसाराचे प्रमुख कारण नव्हताच.

खेड्यापाड्यांतील लोकांनी मात्र स्वतःचा असा एक नियम बसविला होता. घरात 'उंदीर पडला' की गाव सोडायचे आणि रानात, माळावर झोपड्या घालून राहायचे. उंदीर का मरतो हे त्यांना सांगता आले नसते, पण घर सोडल्याने माणूस उंदरापासून व पिसवांपासून दूर जात असे आणि वाचत असे. शासनाच्या शास्त्रापेक्षा गावकऱ्यांचे निरीक्षण सत्याच्या अधिक जवळ होते, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात पुरेशा ठळकपणे मांडली जात नाही. शिवाय माळावरच्या झोपडीस ओटी नव्हती, माजघर नव्हते, परका कोठवर यावा हे ठरविणाऱ्या पायऱ्याही नव्हत्या. अशा वस्तीत सोवळ्याओवळ्याचे सर्व नियम पूर्वीसारखे पाळणे कितपत शक्य होते, याची कल्पना करता येते. साथ सरली की गाव परत वाड्यात येई आणि नियमही परत येत.

पुण्यात गोऱ्या सैनिकांनी झडतीसाठी स्वयंपाकघरात व देवघरात प्रवेश केला. स्थानकांवर प्रवासी स्त्रियांची शारीरिक तपासणी झाली. मृत्यूच्या भीतीपेक्षा या स्पर्शाचा संताप मोठा ठरला. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग समितीचा अध्यक्ष रँड याच्यावर केलेला हल्ला सर्वज्ञात आहे. मुंबईत त्याआधीच, २९ ऑक्टोबर १८९६ रोजी, गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला होता. या विरोधापुढे सरकारने घेतलेली माघार सामाजिकदृष्ट्या फार बोलकी आहे. निरनिराळ्या जाती-जमातींना आपापली प्लेग रुग्णालये उघडण्याची मुभा देण्यात आली. म्हणजे आधुनिक वैद्यकाने विलगीकरण आणले आणि समाजाने त्याला जातीची कुंपणे घातली. आजाऱ्याच्या खाटेशेजारी कोणाची खाट असावी, हे रोगाऐवजी जन्म ठरवू लागला.

सावित्रीबाई फुले यांचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे त्याचे वेगळेपण ध्यानात येते. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ ससाणे मळ्यात दवाखाना घातला. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन तेथे आणले आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा मृत्यू झाला.

शहराबाहेर गेलेल्या संस्था

प्लेगने सर्वत्र दुरावाच निर्माण केला असे नाही. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली व विधवा यांना पुण्यात ठेवणे प्लेगविषयक निर्बंधांमुळे अशक्य झाले, तेव्हा त्या त्यांना केडगाव येथील आपल्या शेतजमिनीवर घेऊन गेल्या. मुक्ती मिशन त्यातून उभे राहिले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रमही प्लेगमुळेच पुणे सोडून १९०० मध्ये हिंगण्यास गेला आणि एका झोपडीत सुरू झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन आटोपून कर्वे पायी हिंगण्यास जात.

शहरातील वाड्यात विधवेचे प्रत्येक पाऊल शेजाऱ्यांच्या नजरेखाली पडत असे. हिंगणे आणि केडगाव येथे ही नजर पोहोचत नव्हती. नात्यागोत्याच्या नसलेल्या स्त्रिया एकत्र राहू, शिकू व काम करू लागल्या. हा सहवास सुधारकांच्या विचारातून आला हे खरेच. पण त्याला जागा मिळवून दिली ती प्लेगने. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात या योगायोगाकडे बहुधा ओझरतेच पाहिले जाते.

चाळीतून 'ब्लॉक'मध्ये

ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी सक्तीच्या विलगीकरणाचे अधिकार जाहीर केले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ते सौम्य केले. दंगलीची भीती हे एक कारण होते. दुसरे कारण हलालखोरांचे होते. शहराचे संडास साफ करणारे हे कामगार भयाने निघून गेले, तर मुंबई काही दिवसांत राहण्यास अयोग्य होईल, हे प्रशासनाला कळून चुकले होते. ज्यांचा स्पर्श सर्वांना वर्ज्य, त्यांचेच जाणे सर्वांत धोक्याचे ठरले. गिरण्यांतही काही काळ मजुरांची इतकी टंचाई झाली की नाक्यांवर त्यांच्यासाठी बोली लागत असे व मजुरी रोजच्या रोज द्यावी लागे. गिरणी कामगारांची ही चढती बाजू वर्ष-दोन वर्षांत ओसरली. हलालखोरांच्या वाट्याला तर तेवढीही आली नाही.

१८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले आणि उत्तरेस दादर-माटुंगा परिसरात नव्या वसाहतींची आखणी केली. पाडापाडीत बेघर झालेले गरीब जवळच्याच चाळींत अधिक दाटीने राहू लागले; मोकळी हवा मिळाली ती ज्यांना भाडे परवडले त्यांना. दादरची पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, माटुंग्यातील दक्षिण भारतीयांची वस्ती ही नावेच सांगतात की आरोग्यासाठी आखलेल्या भूखंडांवर लोकांनी आपापले शेजार निवडून घेतले. सहकारी गृहनिर्माण संस्थांनी पुढे ही निवड नियमांत बसविली.

येथे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचा उल्लेख केला पाहिजे. तो खरोखरीच श्वासातून, निकट सहवासातून पसरणारा रोग होता आणि हिंदुस्थानात त्याने सव्वा ते दोन कोटींच्या दरम्यान माणसे नेली असा अंदाज केला जातो. पण प्लेगसारखी सक्ती त्या वेळी झाली नाही, नवी नगररचनाही त्यातून निघाली नाही. दैनंदिन संपर्कावर कायमचा ठसा उमटविला तो माणसाकडून सहसा न पसरणाऱ्या प्लेगने.

दादर-माटुंग्यात १९२० आणि १९३० च्या दशकांत एक नवे घर रूढ झाले. मराठीत त्याला 'ब्लॉक' हे नाव मिळाले. चाळीत पाण्याचा नळ, संडास आणि गॅलरी सामायिक असत. सकाळच्या रांगेतील भांडण, गॅलरीतून येणारी-जाणारी वाटी, परस्परांच्या मुलांवरील नजर हा सारा व्यवहार या सामायिक जागांवर चाले. 'ब्लॉक'मध्ये नळ आणि संडास दाराच्या आत आले आणि शेजाऱ्याला भेटण्याची गरज उरली नाही. भेटायचे तर आता ठरवून भेटावे लागे. संडास राहत्या घरात असावा ही कल्पना सोवळ्याच्या दृष्टीने सुरुवातीस असह्यच होती. आरोग्यशास्त्र आणि सोय यांपुढे ती अखेर स्वीकारली गेली. मात्र त्यासोबत आणखी एक अडचण उभी राहिली : संडास साफ करणारा माणूस घरात कोठून येणार? त्या काळातील अनेक इमारतींच्या मागील बाजूस लोखंडाचा अरुंद, गोल जिना आजही दिसतो. तो त्याच्यासाठी होता.