ध्वनिमुद्रण पातळी (अंकीय)
अंकीय ध्वनिमुद्रकात मायक्रोफोनकडून येणारा विद्युत संकेत मुद्रित होताना किती प्रबळ असावा, हे दर्शविणाऱ्या मापास ध्वनिमुद्रण पातळी म्हणतात. तिच्या डेसिबल मापश्रेणीत शून्य ही कमाल मर्यादा असून तिच्यापलीकडील तरंगशिखरे छाटली जातात व त्यामुळे उद्भवणारी विकृती नंतर पूर्णपणे दूर करता येत नाही. याउलट, पातळी फार कमी ठेवल्यास पुढे आवाज वाढविताना उपकरणाची मूळची खरखरही वाढते. गतिक परास, म्हणजे सर्वांत क्षीण व सर्वांत तीव्र ध्वनींमधील अंतर, संकेताचे मूल्य नोंदविण्यासाठी वापरलेल्या प्रत्येक बिटामागे (द्विमान अंकामागे) सुमारे ६ डेसिबलने वाढत असल्याने १६ बिटांत तो सु. ९६, तर २४ बिटांत सैद्धांतिक दृष्ट्या सु. १४४ डेसिबल असतो. म्हणून २४ बिट मुद्रणात शिखरे सामान्यतः −१२ ते −६ डेसिबलांदरम्यान राखून अनपेक्षित मोठ्या आवाजासाठी जागा मोकळी ठेवतात.