विकल, दिव्य आणि दाखला

मंडणगडापासून राजापुरापर्यंत 'सिव्हिलातून दाखला आणायचाय' एवढे म्हटले तरी पुरते. रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय, डॉक्टरांचे मंडळ आणि चाळीस टक्के अपंगत्वाची अट, सारे त्यात आले. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सात होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. चाळीसचा उंबरठा मात्र हलला नाही.

शरीराचे असे टक्के मोजणे अगदी आधुनिक वाटते. पण 'विकल' शब्द फोडावा, तर आत अपूर्णांकच बसलेला दिसतो. कला म्हणजे चंद्रबिंबाचा सोळावा अंश. जिची कला उणी ती वस्तू विकल. या मापाने चाळीस टक्के म्हणजे साडेसहाला किंचित कमी कला! पुढे मराठीत हा शब्द शरीर सोडून मनाकडे गेला आणि 'विव्हळ'च्या शेजारी जाऊन बसला.

'अपंग' अधिक चकवा देणारा. अप आणि अंग यांचा संधी केला तर 'अपांग' व्हायला हवे, आणि संस्कृत काव्यात अपांग म्हणजे डोळ्याचा कोपरा, कटाक्षांचे माहेरघर. बरे, 'पंगू'ला नकारार्थी 'अ' लावला म्हणावे, तर अर्थ धडधाकट असा निघेल. 'अपांग'च 'पंगू'च्या संगतीने आखूड झाला असावा.

पात्रतेचे 'निकष' हे सोनाराच्या दुकानातून आलेले. कष् म्हणजे घासणे. निकष म्हणजे सोने घासून पाहण्याचा दगड. त्याच कष् पासून कषपट्टिका, तिची झीज होऊन कसोटी. तिथे सोने किती आहे ते पाहतात, इथे उणे किती ते.

'दाखला' मात्र अरबी-फारसीतून आलेला, 'दाखल'चा सख्खा भाऊ. दुखणे दाखवून मिळतो म्हणून 'दाखवणे'शी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण ते क्रियापद प्राकृत 'दक्ख'च्या घरातले. दोन्ही घराणी मराठीत शेजारी राहिली आणि एकमेकांसारखी दिसू लागली, एवढेच.

आता 'दिव्यांग'. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी सुचवला, लगेच सरकारी कागदांवर चढला. अपंगांच्या चळवळीतल्या अनेकांना तो रुचला नाही. मला त्यातले 'दिव्य' दुसऱ्याच कारणाने खुणावते. धर्मशास्त्रात दिव्य म्हणजे न्यायासाठी द्यायची दैवी परीक्षा. रत्नागिरी जिल्ह्याचेच सुपुत्र पां. वा. काणे यांनी 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'त तिचा तपशील दिला आहे. मराठेशाहीतल्या रवा-दिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. मग हातावर पिशवी बांधून मोहोर करीत आणि ठरल्या दिवशी ती सोडून पंचांसमक्ष हात तपासत. निर्दोष हात दिसला की दावा खरा! मंडळासमोरच्या तपासणीत न्याय नेमका उलटा, तरी शब्द तोच. सुचवणाऱ्याच्या मनात हे नसावे.

या सगळ्यांत घरगुती 'पांगळा', मूळ 'पङ्गुल'. त्याचाच भाऊ 'पांगुळ', म्हणजे पहाटे दान मागणारा लोकभिक्षुक. सूर्याचा सारथी अरुण हा अनूरु, मांड्या नसलेला. पांगुळाचे नाते त्याच्याशी सांगतात. हा पांगुळ स्वतः मात्र आपल्या पायांनी गावोगाव हिंडे. आणि ज्या गाड्याला धरून आपण सगळे चालायला शिकलो, तो पांगुळगाडा!