जहराचा लाल वाडा

'कुवेतमध्ये जुने असे पाहायला काय आहे?' हा प्रश्न देशाहून आलेले पाहुणे हमखास विचारतात. सुलैबियातल्या मंडळींना उत्तरासाठी लांब जायला नको. शेजारच्या जहरात 'अल्-कस्र अल्-अहमर' उभा आहे. इंग्रजीत त्याला रेड फोर्ट म्हणतात, पण दिल्लीचा लाल किल्ला डोळ्यांसमोर आणू नये. कस्र म्हणजे वाडा, आणि हा आहेही मातीचा ऐसपैस वाडाच.

शेख मुबारक अल्-सबाह (कारकीर्द १८९६ ते १९१५) यांच्या काळात तो बांधला गेला. जहरा तेव्हा विहिरी, शेती व खजुराच्या बागांचे गाव. त्या राखायच्या, शिवाय शेखांचा मुक्कामही व्हायचा, असा दुहेरी हेतू. लालसर मातीच्या भिंती सुमारे १५ फूट उंच व २ फूट जाड. चार कोपऱ्यांना चार बुरूज, आत चौक आणि भोवती तीसेक खोल्या. वाईजवळचा नाना फडणवीसांचा मेणवलीचा वाडा पाहिलेल्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. तिथेही सारे घर चौकांभोवतीच फिरते. जुन्या कुवेती घरांच्या छपराला आफ्रिकेचे वासे, त्यावर बांबूच्या पट्ट्या, चटई व माती असे. वाळवंटात लाकूड कुठले? ते गलबतांतूनच यायचे.

या वाड्याची खरी परीक्षा १० ऑक्टोबर १९२० रोजी झाली. फैसल अल्-दुवैशच्या नेतृत्वाखाली नज्दच्या इख्वान टोळ्या जहरावर चालून आल्या. बागा हातच्या गेल्या, तेव्हा शेख सालिम अल्-मुबारक उरलेल्या सैनिकांसह वाड्यात शिरले. रात्री झालेले हल्ले भिंतींनी परतवले; पण खरी भीती तहानेची होती. आतल्या विहिरीचे पाणी मचूळ. सुलैबियाच्या जमिनीखालचे पाणीही तसेच आहे, हे आपण जाणतोच. असा वेढा किती दिवस सोसणार? सुदैवाने कुवेत शहरातून समुद्रमार्गे व जमिनीवरून कुमक आली आणि इख्वान माघारी फिरले.

पुढे १९२२ च्या उकैर परिषदेत ब्रिटिशांनी सीमा आखल्या. त्यात कुवेतचा मोठा मुलूख नज्दकडे गेला, तरी कुवेत वेगळे टिकून राहिले. जहरा पडले असते तर कुवेत शहराची वाट मोकळीच होती.

ज्या देशाने आपल्याला भाकरी दिली, तो टिकला कसा, हे मुलांना सांगायला ही जागा उत्तम. एखाद्या सुट्टीला, उघडण्याची वेळ विचारून, त्यांना जरूर घेऊन जा. आधी ती विहीर दाखवा, बुरूज मागाहून.